जालिंदरचं जावळ

घोटावडे फाट्याच्या अलीकडे सिक्स सीटर खड्ड्यात आदळली आणि जालिंदरच्या कानातलं मशीन शिट्टी मारायला लागलं. पुढच्या बाकावरच्या तिघांनी लगोलग आपापले मोबाईल काढून बघितले. मुळशीच्या खेड्यांत मोबाईल तेव्हा नुकते कुठे पोचले होते, आणि ज्याच्या खिशात तो असेल त्याला जगात कुठेही काही वाजलं तरी आपलंच वाजलंय असं वाटायचं. एकानं तर कानाला लावून हॅलोसुद्धा म्हणून घेतलं.

पल्लवीनं पोराच्या कानातला प्लास्टिकचा साचा बोटानं दाबून धरला. शिट्टी थांबली. बोट काढलं, पुन्हा चालू. तेलानं बुळबुळीत झालेल्या कानात तो साचा धड बसायचाच नाही, आणि बसला तरी मधे केसांची एक तरी बट शिरायचीच. शेजारच्या बाईनं तेवढ्या वेळात पोराला नखशिखांत न्याहाळून घेतलं होतं. कमरेपर्यंत आलेली वेणी, छातीवर पट्ट्यानं बांधलेली डबी, डबीतून कानाकडे गेलेली वायर. गोड आहे हो पोरगी, बाई म्हणाली. पोरगा आहे, पल्लवी म्हणाली. मग केस कशापायी वाढवलेत, असं बाईनं विचारलं, तशी पल्लवी तोंड फिरवून बाहेरची भाताची खाचरं बघत बसली.

रिहे या तिच्या गावाहून पिरंगुटपर्यंत हा प्रश्न तिला रोज कुणी ना कुणी विचारायचं. सुरुवातीला तिनं सगळं खरं सांगून बघितलं. पण खरं सांगायला तेवढा रस्ता पुरत नाही आणि ऐकणारा आपलाच एखादा देव सुचवून उतरून जातो, हे लक्षात आल्यावर तिनं सांगणं सोडून दिलं.

खरं असं होतं. धनगराच्या घरात पोराचं जावळ तिसऱ्या वर्षी मामाच्या मांडीवर बसवून काढतात. जालिंदरचा मामा फलटणहून यायचा होता, बकरंसुद्धा ठरलं होतं. पण तिसरं लागलं तरी जालिंदर एक अक्षर बोलेना. बानूबाई, म्हणजे पल्लवीची सासू, म्हणाली की सिद्धूही उशिराच बोलला होता, बापाच्या वळणावर गेलाय. तोंडानं असं म्हणाली खरी, पण एका रविवारी ती एकटीच खिंडीतल्या बिरोबाला गेली, कपाळाला भंडारा लावला आणि देवाला सांगून आली, की नातू बोलला की तुझ्या दारात त्याचं जावळ काढीन, तोवर त्याच्या केसाला लोखंड लावू देणार नाही. घरी येऊन तिनं हे सगळ्यांना सांगितलं. आधी देवाला सांगायचं आणि मग सुनेला, ही तिची जुनीच रीत होती.

त्याच दिवाळीत गावातल्या कुणीतरी जालिंदरच्या पाठीमागे सुतळी बॉम्ब लावला. कुत्री घरात घुसली, मेंढरं उधळली, पल्लवीच्या हातातलं ताट पडलं. जालिंदर दगडावर दगड रचत बसला होता, तो रचतच राहिला. त्या दिवशी पल्लवीला कळलं. पुढे पुण्याचं मोठं हॉस्पिटल, त्याच्या रांगा, दोन्ही कान जवळजवळ कामातून गेलेत हा निकाल, आणि मशीनसाठी घातलेल्या खेपा, यात एक वर्ष गेलं. मशीन मिळालं तेव्हा तिला वाटलं, सुटलो. पण मशीन नुसतं कानात घालून भागत नाही, पोराला ऐकायला शिकवावं लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि पिरंगुटच्या वर्गाचा पत्ता दिला.

हा वर्ग म्हणजे पुण्याच्या एका संस्थेनं चालवलेली बहिऱ्या लेकरांची बालवाडी. जागा कुठली, तर पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्या. ज्या पोरांना आवाज ओळखायला शिकवायचं त्यांच्या पायाखाली दिवसभर जातं घरघरत असायचं. संस्थेला म्हणे तेवढीच जागा परवडली. गुरुवारी लाईट नसायची आणि गिरणी बंद असायची, म्हणून गुरुवार हा वर्गाचा खरा दिवस. पण गुरुवार आला की कधी मॅडमचं पुण्यात प्रशिक्षण असायचं, कधी मालकाच्या घरी सत्यनारायण, तर कधी सिक्स सीटरवाल्याच्या मेव्हण्याचं लग्न. आईनं पोराबरोबर वर्गात बसायचं आणि शिकवलेलं घरी करून घ्यायचं, असा तिथला नियम. म्हणजे शेणगोठा, भाकरी, मेंढरांचं पाणी हे सगळं सोडून पल्लवी पिरंगुटला बसणार आणि घरी येऊन तेच सगळं करता करता पोराशी बोलणार.

कारण बोलायचं होतं सतत. मॅडमचा तसा हुकूमच होता. भांडं घासताना भांड्याबद्दल बोला, पाणी ओतताना पाण्याबद्दल बोला, त्याच्या छातीवरच्या डबीजवळ तोंड नेऊन बोला, तो ऐकतोय की नाही ते बघू नका. पल्लवी बोलायची. "हे पाणी. पाणी सांडलं. आई पाणी भरती. आई दमली. आईचं डोकं फिरलंय." गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघायच्या. बहिऱ्या पोराशी दिवसभर बडबडणारी सून गावानं आजवर बघितली नव्हती. आणि नवरा असा, की एकदा कोल्हा आला म्हणून सिद्धूनं मशीनमधला सेल काढून आपल्या बॅटरीत घातला. पोराचा कान काढून कोल्हा हुसकणारा बाप पल्लवीनं तरी दुसरा पाहिला नव्हता.

हे सगळं तिनं सोसलं असतं. अडलं होतं ते केसांपाशी. बानूबाई रोज सकाळी नवसाच्या केसांना वाटीभर खोबरेल चोपडायची. देवाचे केस आहेत, कोरडे ठेवायचे नाहीत. ते तेल ओघळून कानात उतरायचं. साचा घसरायचा, मशीन शिट्टी मारायचं, शिट्टीनं जालिंदर वैतागायचा आणि वायर धरून मशीन उपटून फेकायचा. त्यात वेणीखाली घाम साचून कानामागे सारखी खांडकं उठायची, ती दुखायला लागली की तीन तीन दिवस मशीन घालूच द्यायचा नाही. केस निघाले तर मशीन बसेल, मशीन बसलं तर ऐकू येईल, ऐकू आलं तर बोलेल. आणि बोलला तर केस निघतील. पल्लवीनं हे पहिल्यांदा मनात जुळवलं तेव्हा ती शेण लावत होती, आणि तिनं शेणाचा गोळा भिंतीवर इतक्या जोरानं मारला की आतून सासूनं काय पडलं म्हणून विचारलं.

दिवाळीच्या महिनाभर आधी मॅडमनी तिला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. मृण्मयी मॅडम पुण्याच्या, आवाज हळू, पण बोलणं नेमकं.

"पल्लवीताई, त्याचं पाचवं सुरू होईल आता. ऐकायला शिकायचं वय हातातून चाललंय. वर्गात जागा थोड्या आहेत आणि बाहेर मुलं थांबलीत, तीही तुमच्याच मुलासारखी. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या गुरुवारी मी बघेन. मशीन दिवसभर कानात राहत असेल तर जागा त्याची. नसेल, तर मला दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल."

पल्लवीनं केसांचं, नवसाचं सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग सासूबाईंना समजावून सांगा. मॅडम चुकीचं काही बोलत नव्हत्या, आणि त्याचाच पल्लवीला जास्त राग येत होता. सासूला समजावून सांगा, हे पुण्यात बसून म्हणायला सोपं आहे.

तरी तिनं सांगून बघितलं. बानूबाईनं सगळं ऐकलं, तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली आणि म्हणाली, "देवाला शबुद दिलाय म्या. तुज्या मॅडमला बिरोबा ठावा हाय का?"

"मॅडमला जालू ठावा हाय," पल्लवी म्हणाली. "बिरोबाला ठावा असता तर त्यानं कान दिलं असतं."

बोलून गेल्यावर तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. त्या दिवशी बानूबाई जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही सुनेशी बोलली नाही, मात्र नातवाच्या डोक्याला तेल दुप्पट लावलं. सिद्धूला विचारावं तर तो मेंढरांकडे बघत म्हणायचा, तुमी दोघी काय ती बघून घ्या. दोन एडक्यांची टक्कर लागली तर मधे काठी घालून सोडवणारा हा गडी, घरातल्या दोघींच्या मधे पडायचं म्हटलं की त्याला नेमकं रानात काम निघायचं.

म्हातारी वाईट असती तर बरं झालं असतं, असं पल्लवीला कितीदा तरी वाटायचं. मग सरळ भांडून वेगळं राहता आलं असतं. पण जालिंदर आईपेक्षा आजीच्याच अंगावर वाढलेला. सकाळी मेंढरं सोडली की बानूबाई त्याला पाठुंगळी मारायची आणि माळावर जायची. तो तिच्या गळ्याला दोन्ही हात घालून, मानेला गाल लावून तासन् तास बसायचा. डबी दोघांच्या मधे दाबली जाते म्हणून पल्लवी ओरडायची, तर म्हातारी डबी त्याच्या पाठीवर फिरवून घ्यायची. पोराला ऐकू येत नाही हे तिला मान्यच नव्हतं. बोलत नाही एवढंच तिला मान्य होतं.

शेवटी पल्लवी खिंडीत जाऊन बिरोबाचा पुजारी बहिरू याला भेटली. सासूनं बोललेला नवस सुनेला मोडता येतो का, एवढंच तिला विचारायचं होतं. बहिरू म्हणाला, नवस ज्यानं बोलला त्यानंच फेडायचा, दुसऱ्याचं काम नव्हे. पण एवढी आलीस तर देवाला कौल लावून बघू. त्यानं फुलं पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दोघं बघत बसली. उजवं पडेना, डावंही पडेना. बऱ्याच वेळानं बहिरू म्हणाला, देव इचारात पडलाय, म्होरल्या ऐतवारी या. डॉक्टरही पुढच्या महिन्यात या म्हणायचे, संस्थेतला साहेबही सोमवारी या म्हणायचा, आता देवही तेच म्हणायला लागला होता.

मग तिनं लबाडी करायची ठरवलं. जालिंदरला बोलता येत नसलं तरी तोंडाची नक्कल छान यायची. आठवडाभर तिनं त्याच्यासमोर बसून 'आ' आणि 'ई' असं तोंड करून दाखवलं, जमलं की गुळाचा खडा दिला. एका सकाळी सासू भाकरी खात असताना तिनं पोराला पुढे उभं केलं आणि म्हणाली, "आत्याबाई, बघा, जालू आई म्हनतोय." जालिंदरनं मोठ्या ऐटीत तोंड उघडलं, मग ओठ ताणले आणि गुळासाठी हात पुढे केला.

बानूबाईनं घास खाली ठेवला. "आवाज कुटं हाय?" तिनं विचारलं.

"बारीक हाय."

"म्हसर बी असं त्वांड करतं जांभई देताना," बानूबाई म्हणाली. "बिरोबाला फसवायला निगालीस व्हय गं?"

पल्लवीनं जालिंदरला गूळ देऊन टाकला. बिचाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं.

असे दिवस गेले आणि मॅडमचा तो गुरुवार उद्यावर आला. नेमक्या त्याच सुमारास मेंढरांची कातरणी निघाली. कातरणीच्या आदल्या दिवशी मेंढरं ओढ्यावर धुवायची असतात. सिद्धू आणि बानूबाई मेंढरं धूत होती तेव्हा पल्लवीनं थोडं वरच्या अंगाला जालिंदरला बसवलं आणि शिकेकाईनं त्याचं डोकं असं चोळलं, की तेलाचा थेंब राहू दिला नाही. बुधवारी सकाळी म्हातारी कातरणीच्या गडबडीत होती. पल्लवीनं पोराचे सगळे केस वर ओढून डोक्यावर घट्ट गाठ मारली, वर फडकं बांधलं, कान पुसून साचा बसवला. साचा बसला. तिनं हात काढला. शिट्टी नाही. गाठ सुटेपर्यंत आणि म्हातारी तेलाची वाटी घेऊन येईपर्यंतच हे सुख आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अंगणात सिद्धू आणि घोटावड्याहून आलेला कातरकरी एकेक मेंढरू आडवं पाडत होते. काळी लोकर घोंगडीसारखी सुटून बाजूला पडत होती आणि आतून निघालेली किडमिडी मेंढरं जाळीच्या वाघरीत जाऊन उभी राहत होती. पल्लवी लोकर गोळा करता करता ते बघत होती. मेंढरांचे केस वर्षातून दोनदा निघतात. त्यांना कुणी बोला म्हणत नाही, गा म्हणत नाही, उन्हाळा आला काढ, पावसाळा सरला काढ. आणि माझं पोर डोक्यावर दीड हाताचा बोजा घेऊन फिरतंय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. समोर मोठी कातर पडली होती. तिनं ती उचलली.

जालिंदर वाघरीपाशी खेळत होता. चार पावलं गेली असेल, तेवढ्यात बानूबाईनं मागून येऊन तिचं मनगट पकडलं. म्हातारीचा हात एडके धरून धरून घट्ट झालेला, त्यातून सुटणं सोपं नव्हतं.

"ठिव खाली."

"उद्या त्याची जागा जाती, आत्याबाई. पुन्यांदा न्हाई मिळायची."

"जाऊ दे जागा. देव गेला तर काय करशील?"

"देव कुटं जात न्हाई," पल्लवी म्हणाली. आता ती रडतही होती आणि ओरडतही होती. "देवाला लई टाईम हाय. माज्या पोराला न्हाई."

दोघी कातरीला धरून तशाच उभ्या राहिल्या. सिद्धूच्या गुडघ्याखाली एडका होता, म्हणून त्याला उठता येईना, का त्यानं उठायचं टाळलं, ते त्याचं त्याला माहीत. कातरकरी तोंड उघडं टाकून बायकांकडे बघत राहिला. आणि या सगळ्या तमाशात वाघरीची मागची मेख सुटली आहे, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. कातरलेली मेंढरं एकामागून एक बाहेर पडली आणि शेजारच्या जयसिंगच्या इंद्रायणी भातात शिरली. भात कापणीला आलेलं. जयसिंग असा, की चिमणी बसली तरी भांडायला येईल.

तेव्हा हाक आली. "हुऽऽ... ओऽऽ... हा."

माळावर मेंढरं वळवायला बानूबाई मारायची ती हाक. सुरुवात गळ्यात खोलवर, मधे लांबवलेली, शेवटी तोडलेली. रानात प्रत्येक धनगराची हाक वेगळी असते आणि मेंढरं फक्त आपल्या माणसाच्या हाकेला वळतात. ही मेंढरं बानूबाईची. सिद्धूच्याही हाकेला ती मनात आलं तरच वळायची. पल्लवीनं लग्नानंतर एकदा हाक मारून बघितली होती, तेव्हा मेंढरं खाली मान घालून चरतच राहिली आणि घरातले सगळे हसले. त्यानंतर तिनं कधी मेंढराला हाक मारली नव्हती.

भातातल्या मेंढरांनी माना वर केल्या. तोंडात लोंब्या तशाच. मग पुढची वळली, तिच्यामागून बाकीची वळली आणि सगळी मुकाट्यानं बांधावरून अंगणात आली.

बानूबाईनं कातर सोडली. आपलीच हाक कुणी मारली म्हणून ती इकडेतिकडे बघायला लागली. पडलेल्या वाघरीपाशी जालिंदर उभा होता, डोक्यावर फडक्याची गाठ, छातीवर डबी. त्यानं पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा हाक मारली. आजीच्या 'हुर्र'मधला 'र' त्याला जमत नव्हता, तिथं नुसता घशातला घरघराट होता. पण चढ आणि उतार सगळा आजीचा. म्हातारीच्या पाठीवर बसून, तिच्या गळ्याला हात लावून त्यानं ते इतके दिवस कानानं ऐकलं, का हातानं उचललं, ते त्यालाच माहीत.

पल्लवीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती लोकरीच्या ढिगावर जाऊन बसली. एवढे महिने आई म्हण, पाणी म्हण म्हणून तिनं त्या डबीत तोंड घालून घसा कोरडा केला, गल्लीनं तिला वेडी ठरवलं, आणि पोरानं पहिला आवाज काढला तो सासूचा. तोही मेंढरांसाठी.

"ह्यो काय शबुद हाय व्हय?" ती म्हणाली.

"मग काय हाय?" बानूबाईनं विचारलं.

"मेंढराला हाकायचा आवाज. ह्याला बोलनं म्हनत न्हाईत."

आपण काय बोलतोय हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. सासू नवस फिटला म्हणायच्या बेताला आलेली, आणि सून तिला नाही म्हणून सांगत होती. कातरकऱ्यानंसुद्धा मान हलवली. असल्या घरात कातरकाम घेऊ नये, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

बानूबाई पोरापाशी गेली. त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवून तिनं हळूच हाक मारली. त्यानं तशीच परत मारली. अंगणातल्या मेंढरांनी पुन्हा माना वर केल्या. म्हातारी तिथंच मटकन खाली बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

"मेंढराला नवस कळतोय व्हय गं? का त्येला माजं मन राखायचंय?" ती म्हणाली. "त्येला फकस्त आपल्या मानसाची हाक कळती. मेंढरं फिरली. आता आनिक कुनाला इचारायचं?"

"मग आई कवा म्हननार?"

"म्हनंल. आदी आपली मेंढरं तर वळवू दे त्येला."

पुढचं सगळं घाईत झालं. मामा फलटणला, मामाच्या मांडीशिवाय जावळ कसं काढायचं, हे पल्लवीनंच विचारलं. आता अडवायची सवय तिलाच लागली होती की काय कोण जाणे. बानूबाई म्हणाली, "मामा मागनं यील. बिरोबाला मी सांगते." बिरोबाशी तिचं बोलणं होतंच. सिद्धू गावात जाऊन न्हाव्याला घेऊन आला, बहिरूनं देवळाचं दार उघडलं. पोरगं काय बोललं, असं त्यानं विचारलं, तेव्हा जालिंदरनं देवासमोर हाक मारून दाखवली. खिंडीत ती घुमली. कौल लावायची गरज बहिरूलाही वाटली नाही. वस्तरा फिरला, तशी बानूबाईनं ती लांब काळी वेणी खाली पडू न देता ओच्यात झेलली. केसांखालून जालिंदरचे कान बाहेर आले, चांगले मोठे, बाहेर झुकलेले. सिद्धू म्हणाला, आमच्या आबाचे कान हायेत. एवढी वर्षं ते कुणी धड बघितलेच नव्हते.

गुरुवारी सकाळी पल्लवी पोराला घेऊन निघाली, तर उंबऱ्यात सासू तेलाची वाटी घेऊन उभी. नव्या तासलेल्या डोक्याला तेल लावायचं असतं, ताळूला थंड पडतं. पल्लवीनं तिच्याकडे नुसतं बघितलं. बानूबाईनं वाटी बघितली, पोराचे कान बघितले आणि ते तेल आपल्याच पायांना चोळत बसली.

वर्गात लाईट नव्हती, गिरणी गप्प होती. मॅडमनी जालिंदरच्या कानात साचा बसवला, डबीचं बटण फिरवलं. शिट्टी नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, जागा त्याची असं सांगितलं आणि मग विचारलं, घरी काही आवाज काढतो का. पल्लवीनं मान डोलावली. कुठला आवाज? पल्लवी म्हणाली, सांगायसारखा नाही.

"सांगा ना," मॅडम म्हणाल्या. "तो जो आवाज काढतो तोच आपण त्याला द्यायचा. त्याच्या पाठीमागे उभ्या राहा, त्याला तोंड दिसलं नाही पाहिजे, आणि काढा."

बाकीच्या आया बघत होत्या. एक नवीन आलेली होती, माण गावाकडची, चांगली साडी नेसून. जालिंदर पाठमोरा बसून दोरीत लाकडी मणी ओवत होता. पल्लवीला घरातलं ते हसू आठवलं. मेंढरं वळली नव्हती ते आठवलं. ही हाक आपली नव्हे, आपल्याला जमत नाही, असं मॅडमना सांगावं असं तिच्या मनात आलं. पण ही बाई ऐकणार नाही, पुढच्या गुरुवारी करा म्हणेल, आणि पुढच्या गुरुवारी नक्की कुणाचं तरी लग्न निघेल.

तिनं पदर खोचला आणि हाक मारली. पहिली घशातच अडकली. नवीन आलेली बाई तोंडाला पदर लावून हसली. पल्लवीला असा राग आला, सासूचा, मॅडमचा, गिरणीचा, सुतळी बॉम्ब लावणाऱ्याचा, त्या न पडणाऱ्या फुलांचा, की तिनं छाती भरून घेतली आणि माळावर मारावी तशी हाक मारली.

"हुर्रऽऽ... ओऽऽ... हा."

खालून गिरणीवाला काय झालं म्हणून ओरडला. मॅडमनी सगळ्यांना हातानं गप्प बसायला सांगितलं. जालिंदरचा मण्यावरचा हात थांबला. त्यानं मान वळवली, आजी कुठे दिसते का ते बघितलं, आणि आजी नाही, आई आहे, असं बघून तो आईकडे बघत राहिला.